टेबलावरचं कारंजं, ८ महिने वापरल्यावर: सगळा घोळ वायरच्या भोकाचा

तीन वाट्यांचं, फायबरचं, १८ वॅट पंपाचं आणि ६ लिटर पाण्याचं कारंजं आहे हे. दिवा कुठल्या रंगाचा, पाणी कसं पडतं, ते खोक्यावर छापलेलं आहेच. खोक्यावर नाही ते सांगतो. पंपाची वायर मागच्या ज्या भोकातून बाहेर येते ते जेमतेम १२ मिलिमीटरचं आहे आणि वायरच्या टोकाचा टू-पिन टॉप (प्लग) त्यातून जात नाही. कारखान्यात आधी वायर ओवली, मग टॉप लावला आणि वरून सिलिकॉन थापलं. थोडक्यात, पंप धुवायला कुणी बाहेर काढेल हे बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नाही. पाचपैकी तीन तारे कापले ते एवढ्यासाठी.

सर्व्हिसवाल्यांना विचारलं तर एकच उत्तर: "अख्खं कारंजं घेऊन या." त्या रिक्षाच्या जाण्यायेण्याच्या भाड्यात नवा पंप येतो.

आणि पंप बहुतेक वेळा बिघडलेला नसतोच. घूं असा आवाज येतो पण पाणी चढत नाही, यालाच लोक "जळला" म्हणतात. जळलेला पंप आवाज करत नाही. पंपाचं पुढचं झाकण नखाने निघतं. आत छोटी पाती आणि तिच्या मागे लोहचुंबकाचा दंडगोल असतो. चुंबक धरून पाती बोटाने फिरवा. साधारण अर्धा फेरा ती मोकळी फिरून अडली पाहिजे. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. तेवढ्या अवकाशात चुंबक पाण्याचं ओझं न घेता फिरायला सुरुवात करतो आणि मग पातीला ओढतो. त्या फटीत क्षार बसला की ढिलाई संपते आणि मोटर जागच्या जागी थरथरत राहते. पाती हलते म्हणून तिला फेविक्विक लावणारे महाभागही आहेत. त्यांचा पंप मात्र खरंच संपला.

पहिले चार महिने माझं मत होतं की पंपच हलका दिलाय. ते मागे घेतो. दोष पाण्याचा होता, त्याहून जास्त पाणी वरचेवर भरत राहण्याचा. उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार भांड्यातच राहतो. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेला क्षार, मिलिग्रॅममध्ये) ५०० धरला आणि उन्हाळ्यात रोज अर्धा लिटर भर घातली, तर महिन्याला साडेसात ग्रॅम क्षार जास्तीचा जमतो, म्हणजे चहाचा चमचा भरून वर थोडा. ६ लिटरमध्ये तो विरघळला तर टीडीएस १७०० च्या पुढे जाईल. प्रत्यक्षात सगळा विरघळत नाही, त्यातला बराचसा वाट्यांच्या कडांवर पांढऱ्या पट्ट्यांनी आणि पंपाच्या त्या फटीत बसतो. आमच्या नाशिकचं, गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्यामानाने सौम्य. पावसाळ्यात ते गढूळ आलं तर बादलीत रात्रभर ठेवून वरचं निवळ तेवढं घ्यावं. आरओचं वाया जाणारं पाणी "झाडांना नाही तर कारंज्याला" म्हणून ओतू नका, नळाच्या पाण्यातला क्षारच त्यात दाटून आलेला असतो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी गाळून वापरलेलं चालतं, त्यात क्षार जवळपास नसतो.

तेव्हा दर आठवड्याला सगळं पाणी उपसायचं, नुसती भर घालायची नाही. यात डासांचाही बंदोबस्त होतो. डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून भांडं पालथं करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात.

आता पंप बाहेर कसा काढायचा. वायर कापू नका. भोक पाण्याच्या पातळीच्या बरंच वर आहे, म्हणजे त्या सिलिकॉनचा तसाही काही उपयोग नव्हता. प्लग काढून, भांडं रिकामं करून सिलिकॉन ब्लेडने खरवडा. मग काठापासून भोकापर्यंत ८ मिलिमीटरच्या अंतराने हॅकसॉच्या पात्याने दोन उभे काप घ्या आणि मधली पट्टी पकडीने मोडून काढा. कड कानशीने घासा. फायबरची भुकटी खाजते आणि घशात जाते, तोंडाला रुमाल हवाच. आता वायर टॉपसकट वर उचलली जाते. वॉरंटी जाते, पण तिचा उपयोग काय होता ते वर लिहिलंच आहे.

क्षार काढायला १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व. व्हिनेगरपेक्षा स्वस्त पडतं आणि वास नाही. पाती, झाकण आणि जाळी त्यात तासभर ठेवा, पाती अधूनमधून फिरवा, चुंबकाची बिळासारखी जागा इअरबडने पुसा. मधली दांडी सिरॅमिकची असते, काचेसारखी तुटते, तिच्यावर जोर नको. पंपाचा स्पंज साध्या पाण्यात पिळा. भांड्याचा साबण कुठेही लावू नका, नंतर चार दिवस फेस येत राहतो. कारंज्यात संगमरवराचे गोटे असतील तर ते आधी बाहेर काढा, आम्ल त्यांना खातं. आणि आम्लाच्या जवळपास ब्लीच आणू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

शेवाळ हा वेगळा विषय, त्याचं कारण ऊन. वास्तूवाले कारंजं ईशान्येला ठेवायला सांगतात आणि सकाळचं ऊन नेमकं तिथेच येतं. पडदा लावा, नाहीतर दर चार दिवसांनी हिरवी बुळबुळ घासा.

एप्रिल-मेमध्ये पाणी पंपाच्या तोंडाच्या दोन बोटं वर आहे ना, हे रोज बघा. पंपाला थंड ठेवणारं आणि वंगण पुरवणारं ते पाणीच. कोरडा चालला की तापून आतलं प्लॅस्टिक वितळतं. वायर बोर्डाकडे नेताना आधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता तिथेच टपकतं. पाण्याला बोट लावून झिणझिण्या आल्या तर पंप सरळ फेकून द्या, तिथे काटकसर नको.

नवा घ्यायचा झाला तर कूलरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात १८ वॅटचा मागा, ३००-३५० रुपयांत मिळतो. (नाशिकच्या रविवार कारंजा चौकात विचारलं तर आधी "कुठलं कारंजं?" असं विचारतात. त्या नावाने आता फक्त रहदारी आठवते.) फक्त त्याचं तोंड अर्ध्या इंचाचं असतं आणि कारंज्याची नळी बारीक, म्हणून जोडणीचा तुकडा सोबत घ्या. प्रवाहाची पट्टी कमीत कमीवर ठेवा, नाहीतर वरच्या वाटीतून शिंतोडे भिंतीवर.

दिवसाला ८ तास चालवलं तर वीज महिन्याला ४.३ युनिट, त्याबद्दल तक्रार नाही. खाच पाडल्यापासून धुण्याचं काम २० मिनिटांवर आलंय, म्हणून दोनाचे चार तारे करतोय. पाचवा कारखान्याने खाच पाडून पाठवल्यावर.