दोन डिस्क जोडून पाहिल्या, मग एकच एसएसडी लावली

मी व्हिडिओ एडिटिंग करते. तीन वर्षं माझं सगळं काम ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या) दोन हार्ड डिस्क रेड-० मध्ये, म्हणजे दोन मिळून एकच डिस्क असल्यासारख्या, जोडून चाललं. गेल्या महिन्यात त्याच मशीनला एक साटा एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी, साटा केबलने जोडायची डिस्क) लावली आणि एकच प्रोजेक्ट दोन्हीवर चालवून पाहिलं.

दोन डिस्क जोडल्या की वेग वाढतो म्हणतात, ते खरं आहे. फाइलचे तुकडे पडतात, माझ्याकडे ६४ केबीचे. एक पहिल्या डिस्कवर, पुढचा दुसरीवर. सलग मोठी फाइल वाचताना दोन्ही डिस्क एकदम राबतात. एकटी डिस्क सेकंदाला १८० एमबी द्यायची, जोडी ३५० पर्यंत जायची. ४० जीबी फुटेज वाचायला पावणेचार मिनिटं लागायची, ती दोनच्या आत आली. तेव्हा फार आनंद झाला होता.

पण प्रोजेक्ट उघडताना काहीच फरक नाही! टाइमलाइनवरचे थंबनेल, म्हणजे क्लिपची छोटी चित्रं, एकेक करून उगवायचे आणि तोवर डिस्कची कुरकुर ऐकत बसायचं. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साधारण ४.२, शिवाय हेड सरकायला लागणारा वेळ वेगळाच. थंबनेलची छोटी फाइल बहुतेक वेळा एकाच डिस्कवर असते, तिथे दुसरीची काय मदत होणार? आणि दोन्हींवर पसरली असेल, तर जी डिस्क मागे राहील तिच्यासाठी थांबायचं. एकाच वेळी पुष्कळ फाइल मागितल्या तर काम वाटलं जातं, हे मान्य. माझ्या रोजच्या कामात तसं क्वचितच होतं. १०,००० आरपीएमची डिस्क घेतली तरी ही अर्धी फेरी ३ मिलिसेकंदांवरच येते.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तेच प्रोजेक्ट उघडलं आणि टाइमलाइन भरलेलीच समोर आली. सलग वाचनातही ती सेकंदाला ५०० एमबीच्या वर गेली, म्हणजे जोडीचा हुकमी एक्काही तिने मारला.

दुसऱ्या वर्षी जोडीतली एक डिस्क गेली होती. दुसरी ठणठणीत, पण तिच्यावर प्रत्येक मोठ्या फाइलचा एकाआड एक तुकडा. त्याचं करायचं काय? फुटेजची प्रत वेगळ्या डिस्कवर होती म्हणून वाचले, पण चार दिवसांचं एडिटिंग पुन्हा करावं लागलं. एकटी डिस्कही बिघडते, एसएसडीही बिघडते. रेड-० मध्ये मात्र दोघींपैकी कुणीही गेली की सगळं जातं, म्हणून धोका जवळजवळ दुप्पट.

एकच घ्यायची असेल तर मी डोळे मिटून एसएसडी सांगेन. जोडी मी मोडलेली नाही, कारण जागा भरपूर आहे. कच्चं फुटेज तिच्यावर असतं, प्रोजेक्ट आणि कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल) एसएसडीवर, आणि रोज रात्री दोन्हींची प्रत तिसऱ्या डिस्कवर जाते.