जर्मनीत मुलांसाठी ठाण्यात बसून खोली ठरवताय? आधी हे वाचा

ऑक्टोबरच्या सेमिस्टरला मुलं जर्मनीला निघाली, की जुलै-ऑगस्टमध्ये घरात एकच विषय असतो: राहायचं कुठे? माझी लेक मास्टर्ससाठी म्युनिकला गेली तेव्हा आमच्या पाचपाखाडीच्या घरीही तेच चाललं होतं. त्या गडबडीत आमचे दीड लाखांच्या वर रुपये गेले. पैसे गेलेच, पण परक्या शहरात पाऊल ठेवल्या दिवशी पोरीला दोन बॅगा घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागलं, तो राग माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

म्युनिकमध्ये खोली मिळणं फार कठीण. विद्यार्थ्यांची सरकारमान्य वसतिगृहं स्वस्त असतात, पण तिथली वेटिंग लिस्ट कित्येक महिने सरकत नाही. अ‍ॅडमिशनचं पत्र आल्या आल्या अर्ज करूनही लेकीचा नंबर लागला नाही. मग खोल्यांच्या वेबसाइटवर रोज मेसेज पाठवणं सुरू झालं. बहुतेकांचं उत्तरच यायचं नाही, आलं तर ‘आधी बघायला ये’ असं. ठाण्यात बसलेली मुलगी बघायला जाणार कशी? फसवणारे नेमके इथेच टपून असतात.

एका बाईंचं उत्तर आलं. त्या डॉक्टर, नोकरीसाठी स्पेनला गेलेल्या, म्युनिकच्या श्वाबिंग भागातला त्यांचा छोटा फ्लॅट रिकामा. लाइट, हीटिंग सगळं धरून भाडं ५२० युरो. त्या भागात नुसती शेअरिंगमधली खोलीही याहून महाग पडते. बाई बोलायला अतिशय गोड. स्वतःच्या पासपोर्टचा फोटो त्यांनी न मागता पाठवला. दोन भाषांतला करार आला, पत्त्याच्या नोंदणीसाठी घरमालकाचं जे पत्र लागतं तेही भरून आलं. एका नावाजलेल्या बुकिंग कंपनीच्या नावाची पावती आली: पैसे आमच्याकडे राहतील, फ्लॅट पसंत पडला तरच मालकाला देऊ. ती पावती, तो पासपोर्ट, सगळं बनावट होतं. एक महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट असे १,५६० युरो नौपाड्यातल्या बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरून रीतसर पाठवले.

बाहेरच्या माणसाला वाटेल, न बघता एवढे पैसे कुणी पाठवतं का? परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या घरी विचारा. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे जर्मनीतल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरावे लागतात. लेकीच्या वेळी ती रक्कम ११,९०४ युरो होती आणि त्यातले महिन्याला ९९२ युरोच तिच्या हातात येणार होते. विमा आधी, विमानाचं तिकीट आधी. ज्यांना कधी पाहिलं नाही अशांच्या खात्यात लाखांनी पैसे टाकायचे आणि ईमेलवर आलेल्या पीडीएफवर विश्वास ठेवायचा, हाच त्या महिन्यांतला खरा, कायदेशीर व्यवहार असतो. भामटा तुमच्याकडे वेगळं काहीच मागत नाही. त्याची मागणी त्याच रांगेत येऊन उभी राहते. इथेच थांबा, एवढंच मला कळकळीनं सांगायचं आहे. घराच्या बाबतीत तिथला क्रम उलटा आहे: घर बघायचं, करार करायचा, मग पैसे.

सप्टेंबरच्या शेवटी लेक पोचली. पत्ता खरा निघाला, इमारतही फोटोतलीच. जर्मनीत सहसा फ्लॅट नंबर नसतो; दाराशी बेलची पाटी असते आणि प्रत्येक बटणासमोर राहणाऱ्याचं आडनाव. तिनं पाटी वरून खाली आणि खालून वर वाचली. करारातलं आडनाव कुठेच नव्हतं. बाईंचा फोन बंद. खाली राहणाऱ्या एका आजोबांनी दार उघडलं आणि तिच्या हातातला कागद बघताच मान हलवली. त्याच नावाचा करार घेऊन तिच्याआधीही कुणीतरी येऊन गेलं होतं. त्यात ते दिवस ऑक्टोबरफेस्टचे, म्हणजे म्युनिकच्या मोठ्या बिअर महोत्सवाचे. गावभर पाहुणे, हॉस्टेलच्या साध्या खाटेलाही अवाच्या सवा दर. आमची रात्र फोनला चिकटून गेली. शेवटी तिथल्या एका मराठी कुटुंबानं तिला आपल्या घरी नेलं. त्या वहिनींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

त्याच घरातल्या मुलानं जाहिरातीचे फोटो मोठे करून पाहिले. ओट्याच्या वरचे प्लग पॉइंट तीन चौकोनी भोकांचे, म्हणजे ब्रिटनमधले. जर्मनीत दोन गोल भोकांचे असतात. इमारतीचा फोटो म्युनिकचा, स्वयंपाकघर भलत्याच देशातलं! पैसे गेले त्या खात्याच्या आयबॅन नंबरची, म्हणजे तिकडच्या बँक खाते क्रमांकाची, सुरुवातही बघा: पहिली दोन अक्षरं देशाची असतात. जर्मनीचं खातं ‘डीई’नं सुरू होतं, हे ‘एलटी’नं होतं, म्हणजे लिथुआनिया. घर म्युनिकमध्ये, मालकीण स्पेनमध्ये आणि खातं तिसऱ्याच देशात.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, ठाण्याच्या सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, लेकीनं म्युनिकमध्ये दिली. बँकेनं रिकॉलची, म्हणजे पैसे परत पाठवण्याची, विनंती पाठवली, पण तोवर समोरचं खातं रिकामं झालं होतं. परदेशी खात्यात जमा झालेला पैसा ज्याचं खातं त्याच्या संमतीशिवाय परत मिळवणं फार अवघड. त्यामुळे शंका आली तर त्याच क्षणी बँकेला कळवा, आधी चौकशी करू म्हणून थांबू नका.

पहिल्या महिन्यासाठी हॉस्टेल किंवा सर्व्हिस अपार्टमेंट घ्या, तेही कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊन कार्डानं. कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. महाग पडतं, पण ऑक्टोबरफेस्टच्या आधीच बुक केलं तर आमच्या नुकसानीच्या मानानं स्वस्तच. घर तिथे गेल्यावर शोधू द्या. ओळखीचं कुणी त्या शहरात असेल तर संकोच न करता त्यांना घर बघून यायला सांगा. मालक टाळाटाळ करायला लागला की समजून जा. दलालीचं आपल्यासारखं नाही. तिथे २०१५ पासून ज्यानं दलाल नेमला त्यानंच त्याचे पैसे द्यायचे असा कायदा आहे, म्हणून मालकाचा एजंट मुलांकडे कमिशन मागत असेल तर देऊ नका. आणि डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं (हीटिंग वगैरे खर्च सोडून), तेही तीन मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. लेकीला पुढे खोली मिळाली तिथे तिनं तसंच केलं. मालकीणबाईंसमोर बसून सही केली, किल्ली घेतली आणि मग पहिला हप्ता भरला.