१९०२, सकाला, माहिती अधिकार आणि सुवर्णसौध: सीमाभागातल्या महिला संस्थांनी कोणती वाट कशासाठी धरावी

बेळगाव जिल्ह्यात महिला संस्थेला सरकारकडे काही मागायचं झालं तर चार सेवा हाताशी आहेत: १९०२ ची जनस्पंदन हेल्पलाइन (राज्य सरकारची तक्रार सेवा), सकाला (ठरावीक मुदतीत सरकारी काम करून देण्याची हमी), माहितीचा अधिकार, आणि हिवाळी अधिवेशनात सुवर्णसौधपाशी, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीपाशी, देता येणारं निवेदन. चौघींचा खर्च नगण्य आहे, पण त्यांची कामं अगदी वेगळी. निवेदन वाया जातं ते बहुधा चुकीच्या खिडकीत गेल्यामुळे. संस्थेचं मुख्य कार्यालय दिल्लीत आणि शाखा खानापूर किंवा निपाणीत असेल, तर ही गल्लत हमखास होते.

१९०२ पासून सुरू करू. एका बाईचं एक अडलेलं काम असेल तर ही सेवा चांगली आहे. फोनवर किंवा पोर्टलवर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि तक्रार संबंधित खात्याकडे जाते. पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत आहे, त्यामुळे मजकूर कन्नडमध्ये लिहून देणारं कुणीतरी शेजारी हवं. तक्रारीत एक व्यक्ती, एक योजना, एक मागणी एवढंच ठेवावं.

सर्वाधिक विचारणा होते ती गृहलक्ष्मीची. ३० ऑगस्ट २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना २,००० रुपये मिळतात. पैसे अडकले की लगेच १९०२ ला फोन लावू नये, कारण दोष पुष्कळदा बँकेत असतो. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं गेलं तेच खातं धरलं जातं. चंदगड, गडहिंग्लजकडून लग्न होऊन आलेल्या बाईचं आधार माहेरच्या बँकेला जोडलेलं असतं. पैसे तिकडे जमा होत राहतात आणि इकडे पासबुक कोरं. दुसरी अडचण नावाची: आधारवर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, शिवाय मराठी नाव कन्नडमध्ये लिहिताना बदललेलं एखादं अक्षर. तिसरी, नवरा आयकर किंवा जीएसटी भरतो अशी नोंद, कधीकधी जुनी किंवा चुकीची. आणि सीमाभागातली खास अडचण म्हणजे महाराष्ट्रातल्या रेशन कार्डावर राहून गेलेलं नाव. ते तिकडून कमी केल्याशिवाय इथे जोडायला अडथळा येतो. आधी थेट खात्यात जमा झालेले सरकारी पैसे दाखवणाऱ्या डीबीटी कर्नाटक अ‍ॅपवर पैसे कोणत्या खात्यात गेले ते बघावं, बँकेत जोडणी तपासावी, मग १९०२. शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा मिळाला हे तक्रारीत लिहिलं तर उत्तर मोघम येत नाही.

धोरणाची मागणी मात्र इथे टाकू नये. ‘तालुक्यात समुपदेशक नेमा’ हे वाक्य तक्रार म्हणून नोंदवलं तर ते सोडवण्याचा अधिकार ज्याच्या लॉगिनला ते जातं त्याला नसतो. ‘शासन स्तरावरील विषय’ एवढ्यावर ती बंद होऊ शकते.

सकालाबद्दल थोडक्यात. २०११ च्या सेवा हमी कायद्याखाली येणारी ही सेवा विधवा वेतन, संध्या सुरक्षा (वृद्धांचं वेतन), जात-उत्पन्न दाखले अशा ठरावीक कामांसाठी आहे. अर्ज दिल्यावर १५ अंकी जीएससी क्रमांक असलेली पावती घेतलीच पाहिजे. पावती नसेल तर मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई आहे. रक्कम किरकोळ आहे, पण उशीर कुणाच्या टेबलावर झाला हे त्यामुळे कागदावर येतं, आणि त्याचं मोल मोठं आहे.

आता माहितीचा अधिकार. आमच्या मते चौघांत सर्वांत कामाची सेवा हीच, आणि मराठी बायकांनी सर्वांत कमी वापरलेलीही हीच. भाषेची भीती हे त्याचं कारण. २००५ च्या कायद्याच्या कलम ६(१) नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे कन्नड येत नसेल तरी हिंदीतला, देवनागरीतला अर्ज कर्नाटकातल्या कचेरीला घ्यावाच लागतो. उत्तर बहुधा कन्नडमध्ये येईल, ते वाचून घेण्याची सोय आधीच करून ठेवावी.

कर्नाटकच्या नियमांत दोन अटी आहेत आणि बाहेरच्या राज्यांतून आलेले तयार नमुने तिथेच अडतात. अर्ज साधारण १५० शब्दांच्या आत हवा, आणि त्यात एकच विषय हवा. दोन विषय घातले तर अधिकारी फक्त पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करा असं सांगू शकतो. दिल्लीहून आलेला १२ प्रश्नांचा अर्ज इथे चालत नाही, त्याचे चार-पाच अर्ज करावे लागतात. अर्ज संस्थेच्या नावाने करू नये. कायदा नागरिकाला हक्क देतो, म्हणून कार्यकर्तीच्या नावाने करावा. शुल्क १० रुपये.

लाभार्थींची नावं मागितली तर खासगी माहिती म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी. त्याऐवजी आकडे मागावेत: कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अमुक वर्षात संरक्षण अधिकाऱ्याकडे किती घटना अहवाल नोंदले, किती न्यायालयात गेले. कर्नाटकात हे काम सीडीपीओंकडे (बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे) असतं, म्हणून अर्ज तालुक्याच्या बालविकास कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याला. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांच्या आत दुसरं. राज्य माहिती आयोगाचं बेळगावात पीठ आहे, ही मोठी सोय.

केंद्र सरकारच्या पीजी या तक्रार पोर्टलचं नाव मुख्य कार्यालयातून वारंवार सुचवलं जातं. निकालाची मुदत २०२४ पासून २१ दिवस आहे. पण सखी केंद्रासारख्या (हिंसाचार सोसलेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या) योजनेत पैसा केंद्राचा आणि व्यवस्थापन समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली, त्यामुळे तिथली तक्रार फिरून जिल्ह्यातच येते. थेट जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलं तर वेळ वाचतो. निधीच आला नसेल तर मात्र पोर्टल योग्य.

राहिलं निवेदन. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिला आहे, म्हणजे मराठीतही. हा हक्क सोडू नये. मूळ निवेदन मराठीत, सोबत कन्नड प्रत, दोन्हींवर सह्या. फाइल कन्नड प्रतीवर चालते, हक्क मराठी प्रतीने राखला जातो. फक्त मराठी दिलं तर ते भाषांतरासाठी बाजूला पडून राहतं, आणि ज्या बाईचं काम आहे तिचे महिने जातात.

२०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या सुवर्णसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा बेंगळुरूचं सचिवालय दहाएक दिवस आपल्या दारात येतं. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणून पैशाची मागणी डिसेंबरमध्येच पोचली पाहिजे. मार्चमध्ये दिलेलं निवेदन वर्षभर मागे पडतं. मजकूर एक पान. पहिल्या वाक्यात मागणी, मग कोणतं खातं, कोणता शासन आदेश, किती गावं, अंदाजे किती खर्च. माहिती अधिकारातून मिळालेला आकडा इथेच कामी येतो. एक प्रत मंत्र्यांना, एक खात्याच्या सचिवांना, तिसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन स्वतःकडे. मंत्र्यांनी ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा मारला म्हणजे आदेश झाला असं नाही. तो शेरा कोणत्या विभागात, कोणत्या फाइल क्रमांकाने गेला हे पंधरा दिवसांत विचारावं. आत जायला पास लागतो, तो आमदारांच्या कार्यालयातून अधिवेशन सुरू होण्याआधीच मागावा.

खासदारांना प्रत देताना मतदारसंघ तपासावा. जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत, त्यांपैकी आठ बेळगाव आणि आठ चिकोडी लोकसभा मतदारसंघात. उरलेल्या दोन, खानापूर आणि कित्तूर, उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात येतात. खानापूरच्या बायकांचं पत्र बेळगावच्या खासदारांना गेलं, तर ते त्यांच्या मतदारसंघाबाहेरचं म्हणून मागे राहतं.