ट्रेलर एएमटी घ्यावा का गियरवाला? नवीन ड्रायव्हर बसवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

उरण-न्हावाशेवा लाइनला आमच्या कंटेनरच्या गाड्या चालतात, गियरवाल्या पण आहेत आणि एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, म्हणजे गियर आपोआप बदलणाऱ्या) पण, दोन्हींवर मी स्वतः बसतो आणि नवीन पोरं पण बसवतो. हल्ली जो तो विचारतो की पोरगा नवीन आहे, कुठली गाडी देऊ, म्हणून सविस्तर लिहितोय. कुठल्या कंपनीचा रिव्ह्यू नाही हा, गियरबॉक्सचा आहे.

पहिलं म्हणजे ट्रकच्या एएमटीत क्लच असतो. पेडल नसतं फक्त. क्लच दाबणं, गियर काढणं-टाकणं हे सगळं हवेच्या प्रेशरवर होतं आणि कधी करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. व्होल्वोचं आय-शिफ्ट नावाचं एएमटी गियरबॉक्स 2001 ला आलं, 12 गियरचं, तेही असंच. नवीन पोरांना वाटतं पेडलच नाही तर क्लच जळेल कसा, आणि मग चढावर ट्रॅफिक थांबलं की ब्रेक न मारता नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात. आत प्लेट घासत असते ना! क्लच गरम झाल्याची वॉर्निंग येईपर्यंत बरंच नुकसान होऊन जातं. पहिल्याच दिवशी सांगा, थांबलं की ब्रेक.

आता फायदा. पोर्टच्या लाइनीत तासन्‌तास दोन-दोन फूट गाडी सरकते, तिथे गियरच्या गाडीत डावा पाय अक्षरशः भरून येतो आणि नवीन माणूस हाफ क्लचवरच (पेडल अर्धं दाबून) बसून राहतो. एएमटीवर तोच पोरगा संध्याकाळी फ्रेश असतो, आरशात बघतो, बाइकवाला कुठून घुसला ते त्याला दिसतं. माझ्या मते एएमटीचा खरा पैसा इथे वसूल होतो, अ‍ॅव्हरेजमध्ये नंतर. नवीन ड्रायव्हरचं अर्धं डोकं गियरमध्ये अडकलेलं असतं, ते मोकळं होतं.

आता घाट, आणि इथे जरा थांबून वाचा. 9 स्पीडच्या, म्हणजे नऊ गियरच्या गाडीत क्रॉलर (सगळ्यात हळू चालणारा गियर) सोडला तर चार गियर लो रेंजचे म्हणजे जोराचे, चार हायचे म्हणजे स्पीडचे. कसारा उतरताना नवीन पोरगा हायमधून लोमध्ये यायला जातो, आरपीएम जुळत नाही, गियर बसत नाही, आणि भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर सुटते. मग काय, ब्रेकवर ब्रेक, ब्रेकचे लायनर तापतात आणि ब्रेक धरेनासा होतो. एएमटीत हा धोका खूप कमी आहे, पण संपलेला नाही. स्पीड जास्त असेल तर कॉम्प्युटर खालचा गियर घेतच नाही, कारण इंजिन ओव्हररेव्ह होईल, म्हणजे मर्यादेबाहेर फिरेल. म्हणजे घाटाच्या तोंडालाच स्पीड पाडायचा, मॅन्युअल मोडला टाकून गियर लॉक करायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) चालू, मग उतरायचं. चढताना पण वळणाच्या आधी लॉक करा, नाहीतर बरोबर वळणात ती गियर बदलायला जाते आणि जोर तुटतो.

आणि उतारावर न्यूट्रल ही सवय, ती गियरवाल्या गाडीतून येते, उस्ताद क्लीनरला शिकवतो डिझेल वाचतं म्हणून. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघा, नोव्हेंबर 2022 ला तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या. न्यूट्रलमध्ये एक्झॉस्ट ब्रेकचा शून्य उपयोग. आणि आताच्या गाड्यांत गियरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच होतं, न्यूट्रलला उलट आयडलिंगचं जळतं. वाचत काहीच नाही! तळमळीने सांगतोय, पोरांच्या डोक्यातून हे काढा.

रिव्हर्सला मात्र मला गियरवालीच आवडते. डॉकला इंच-इंच लावताना हाफ क्लचवर जो हात बसतो तो एएमटीत येत नाही, ती जरा धक्के देते. काही गाड्यांत हळू सरकण्याचा वेगळा मोड असतो, तो वापरायला शिकवा.

बिघाडाचं बोलायचं तर गियरवाली गाडी हायवेवरचा मिस्त्री खोलतो. एएमटीत सेन्सर गेला किंवा कुठे हवा लीक झाली की गाडी गियरच घेत नाही, लॅपटॉपवाला येईपर्यंत उभी. क्लच प्लेट बदलली तरी नंतर कॉम्प्युटरला सेटिंग करून द्यावं लागतं. तुमच्या रूटवर सर्व्हिस सेंटर लांब असेल तर विचार करूनच घ्या.

अजून एक, अमेरिकेत ऑटोमॅटिक ट्रकवर टेस्ट दिली तर लायसन्सवर तशी अट पडते, गियरवाला कमर्शियल ट्रक चालवता येत नाही. आपल्याकडे ट्रकच्या लायसन्सला असं काही नाही. एएमटीवर शिकलेला पोरगा उद्या सरळ 9 स्पीडवर बसू शकतो, आणि गाड्या अजून जास्त गियरवाल्याच आहेत. म्हणून माझं मत, शिकवा गियरच्या गाडीवर, रिकामी गाडी, सपाट रस्ता, जुना ड्रायव्हर शेजारी. लो-हाय हातात बसलं की कामाला एएमटी द्या, डोळे झाकून द्या.

नवीन एएमटी घेणार असाल तर डिलिव्हरीच्या वेळी कंपनीचा ट्रेनर मागून घ्या, आणि यार्डात चक्कर मारून सही घेत असेल तर ऐकू नका, भरलेली गाडी घेऊन त्याला घाटात सोबत न्या.