पोटाचा पट्टा: मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर घेताना

मानेच्या मणक्याला मार लागलेल्या माणसाला व्हीलचेअरवर बसवलं की घरचे गोंधळतात: झोपून चांगला बोलत होता, बसवल्यावर आवाज बारीक का झाला? श्वासपटलाच्या (छाती आणि पोटामधल्या, श्वास ओढणाऱ्या स्नायूच्या) चेता म्हणजे नसा मानेतून (सी-3 ते सी-5, म्हणजे मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून) निघतात, म्हणून ते बरेचदा चालू राहतं. पोटाच्या स्नायूंच्या चेता मात्र छातीच्या सहाव्या-सातव्या पातळीपासून खाली निघतात. मानेत मार लागून त्यांचा मेंदूशी संबंध तुटला की पोट सैल पडतं. बसल्यावर आतडी पुढे ओघळतात, श्वासपटलाचा घुमट सपाट होतो आणि मग त्याला खाली ओढायला जागाच उरत नाही. पट्टा पोट आत धरून हा घुमट पुन्हा वर चढवतो. बसल्यावर रक्तदाब पडून भोवळ येते, तीही त्याने कमी होते.

इंदूरच्या दवा बाजारात ‘पोटाचा बेल्ट’ मागितला तर तीन वेगळ्या वस्तू पुढे येऊ शकतात. कमरेचा, मागे पोलादी पट्ट्या असलेला बेल्ट घेऊ नका. बसल्यावर त्या पट्ट्या रुततात आणि बधिर कातडीला ते कळत नाही. बरगड्यांचा बेल्ट तर नकोच, जी छाती फुलायला हवी तीच तो आवळतो. हवा तो सिझेरियननंतर वापरतात तसा साधा, रुंद इलॅस्टिकचा, वेल्क्रोवाला. माप झोपवून, बेंबीवरून घ्या. बुटक्या अंगाला साधारण 20 सेंमी रुंदी पुरते, उंच माणसाला 23 ते 25.

बांधायचाही झोपवूनच. कुशीवर वळवून खाली सरकवा, खालचा काठ कमरेच्या हाडांवर आणि वरचा शेवटच्या बरगडीच्या खाली. आधी खालची बाजू घट्ट ओढा, वरची थोडी सैल. वरच्या काठात दोन बोटं सहज जावीत. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: बसवताना पट्टा सरकून बरगड्यांवर चढतो आणि श्वास उलट आखडतो. म्हणून बसवल्यावर काठ पुन्हा चाचपा. उपयोग होतोय का, हे एका श्वासात आकडे मोजायला लावून कळतं, आधी पट्ट्याशिवाय, मग पट्ट्यासह. आकडे वाढले नाहीत तर तो नीट बसलेला नाही. आडवं झालं की काढून टाका, झोपून त्याचा फायदा नाही.

इलॅस्टिक चांगलं असलं तरी आपल्याकडच्या मे महिन्यात आत घाम साचतो. आत सुती बनियन हवाच, आणि त्याची एकही सुरकुती राहू देऊ नका. सुरुवातीला अर्ध्या तासाने काढून कातडी बघा. लाली दाबून पांढरी होत नसेल तर त्या दिवशी पुन्हा बांधू नका. सकाळी पोटभर पोहे-जिलेबी झाली असेल तर थोडा सैल करा. लघवीची नळी पोटाला भोक पाडून बसवलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

दुखापत टी-6 (छातीची सहावी पातळी) किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर ताठ बसवा, पट्टा ताबडतोब सोडा, लघवीची नळी मुडपली आहे का बघा. अशा वेळी रक्तदाब एकदम चढलेला असतो; तो उतरला नाही तर थेट दवाखाना.

वेल्क्रोत धागे अडकून पकड जाते, जुन्या टूथब्रशने ते काढत जा. कोमट पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. दोन पट्टे ठेवलेले बरे.

खोकल्याला मात्र हा पट्टा पुरत नाही. कफ काढायला बरगड्यांखाली तळहात ठेवून, खोकण्याच्या त्याच क्षणी आत आणि वर दाब द्यावा लागतो. तो फिजिओथेरपिस्टसमोर घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावा.