१३० वॅटचा एलईडी, २३ वॅटची लबाडी आणि माझे १०,६८० रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचा राग कशाचा ते कळेल. दुकानदाराला ८,५०० रुपये, चलान ५०० आणि ते सगळं उपटून गाडी पुन्हा मूळ पदावर आणायला १,६८०. एकूण १०,६८०. कशासाठी? डाव्या हेडलाइटचा डिपर (खाली पडणारा उजेड) उडाला म्हणून. जो बल्ब दोनशेच्या आतबाहेर मिळतो.

गाडी २०१० ची वॅगन आर. पंधरा वर्षं होत आली होती, पासिंग तोंडावर होतं. पुनर्नोंदणीची फी एकट्याची ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर, त्यामुळे लाइट, हॉर्न, टायर सगळं आधीच ठाकठीक करून जावं, इन्स्पेक्टरला बोट ठेवायला जागा नको, असा माझा साधा हिशेब. यात हौस कुठेच नव्हती. निळे-जांभळे दिवे लावून मिरवायचं माझं वय नाही.

आमचा नेहमीचा वायरमन तेव्हा गावी गेलेला. म्हणून हायवेच्या कडेला नवीन झालेल्या एका झगमगीत ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा पोरगा गोड बोलणारा. बॉनेट उघडून म्हणाला, "काका, पासिंगला येणार ना गाडी? मग हॅलोजन आता चालत नाही. नवीन नियम आलाय. एलईडीच लागतो." धडधडीत खोटं. गाडीला कंपनीने जे दिवे दिलेत तेच पासिंगला बघतात, आणि जुन्या गाडीला हॅलोजन काढायला लावणारा कुठलाही नियम नाही. पण पासिंगचं नाव काढलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्या पोराला ते पक्कं ठाऊक होतं. वर मोबाईलवर एआरएआयचं, म्हणजे गाड्या आणि सुटे भाग तपासणाऱ्या संस्थेचं, म्हणून एक सर्टिफिकेट दाखवलं. कुठल्या मालाचं, कोणाच्या नावाचं, हे वाचायच्या आत स्क्रीन खिशात.

मग यादी वाढत गेली. एच-४ एलईडीची जोडी, खोक्यावर '१३० वॅट, २०,००० ल्युमेन': ३,८०० रुपये. रिले वायरिंग, म्हणजे दिव्यांना बॅटरीवरून वेगळी वायर, "नाहीतर काका, जुनी वायर जळेल": १,४००. मागचे ब्रेकलाइट एलईडी: ६००. इंडिकेटरचे एलईडी आणि त्यांचे रेझिस्टर: ९००. पिवळ्या पडलेल्या काचांचं 'क्रोम पॉलिश': १,२००. फिटिंग: ७००. झाले ८,६००. मी घासाघीस केली, शंभर रुपये सोडले. ते शंभर सोडताना त्याने जो चेहरा केला तो आठवला की आजही दात-ओठ खावेसे वाटतात.

आता तो क्षण. यावर मी रात्ररात्र विचार केलाय.

उजवा हॅलोजन अजून चालू होता, डाव्या बाजूला एलईडी बसवून झाला होता. पोराने शेजारच्या बंद शटरवर दोन्ही मारून दाखवले. "बघा काका फरक!" फरक होताच. उजव्या बाजूचा उजेड पिवळट, पण शटरवर त्याची रेघ स्पष्ट: खाली उजेड, वर अंधार, आणि डावीकडे रेघ थोडी चढती, रस्त्याची कड दिसावी म्हणून. डाव्या बाजूला रेघच नाही. पांढरा फक्क उजेड शटरभर पसरून वरच्या बोर्डापर्यंत गेलेला. बोर्डावरची अक्षरं वाचता येत होती. मी म्हणालो पण, "अरे, हे वर जातंय." तो म्हणाला, "पॉवर आहे ना काका तेवढी." आणि मागचा स्क्रू फिरवून अख्खा हेडलाइटच खाली वाकवला. रेघ आली नाही, नुसता उजेड खाली सरकला.

तिथेच गाडीची चावी मागून घ्यायला हवी होती. पण सांगा ना, कोणाला एवढं माहीत असतं? एच-४ हॅलोजनच्या डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते, नाहीतर तो रिफ्लेक्टरवर आपटून वर, समोरच्याच्या डोळ्यात गेला असता. रिफ्लेक्टरची घडण त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेली असते. एलईडीच्या चिप त्या जागेपासून मिलिमीटरभरही सरकल्या की उजेड फुटतो. हे मला नंतर आमच्या वायरमनने समजावलं. मी हिशेबनीस माणूस, बिलं तपासतो, रिफ्लेक्टर तपासत नाही.

आणि बिलाचंही सांगतो. मी मागितलं. "काका, जीएसटी लावला तर अठराशे-दोन हजार वर जातील" म्हणून कागदाच्या चिठोऱ्यावर आकडे लिहून दिले. दुकानाचा शिक्का नाही, सही नाही. पैसे क्यूआरवर घेतले, तिथे नाव आलं एका बाईचं, दुकानाचं नव्हे. हे मला दिसलं होतं. पण गाडीचं बॉनेट उघडं, मूळ कप्लर (बल्बला वायर जोडणारा खटका) कापून झालेला, उजवा चालू बल्बसुद्धा भंगारच्या डब्यात गेलेला. अशा वेळी माणूस काय करणार? पैसे देण्याआधी खोकं हातात घ्या. माझ्या खोक्यावर ना एमआरपी, ना आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, ना महिना-साल. पॅकबंद मालावर या गोष्टी कायद्याने छापाव्याच लागतात. आपला जुना माल मागून घ्या, भले फुटका का असेना. आणि क्यूआरवर दुकानाचं नाव दिसलं नाही तर पैसे पाठवू नका, सरळ विचारा.

जुलैत सासुरवाडीला सावंतवाडीला निघालो. गडहिंग्लजच्या पुढे समोरून येणारी प्रत्येक गाडी अप्पर मारून शिव्या घालत होती, आणि मी डिपरवर होतो! आंबोलीत शिरलो तेव्हा धुकं आणि पाऊस. ज्यांनी पावसाळ्यात आंबोली घाट उतरलाय त्यांना सांगायला नको. वर फुटलेला सगळा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यात. समोर नुसती पांढरी भिंत, रस्ता नाही, कठडा नाही, पांढरा पट्टाही नाही. हिने काच खाली करून डावी कड बघत मला "अजून थोडं उजवीकडे" सांगत घाट उतरवला. त्या १२०० रुपयांच्या पॉलिशने काच चकाचक दिसत होती म्हणावं, तर तीही महिन्याभरात पुन्हा पिवळी. रॉकेलसारखं काहीतरी चोळलं की काच चार दिवस तुकतुकीत दिसते. खरं पॉलिश म्हणजे पाण्याच्या सँडपेपरने घासून वर कोटिंग मारणं, त्याला वेळ लागतो. दहा मिनिटांत कोणी 'क्रोम' करून देत असेल तर तुमच्या पैशाने रॉकेल चोळतोय.

खाली उतरल्यावर चहाला थांबलो तर मागचा टेम्पोवाला तावातावाने आला. "ब्रेकलाइट लागत नाही काय तुमचा? दोनदा ठोकणार होतो." लागत होता. पण मूळ बल्ब ब्रेकला २१ आणि टेललाइटला ५ वॅटचा, म्हणजे ब्रेक दाबला की चौपट फरक. या एलईडीत टेललाइट आणि ब्रेक जवळजवळ सारखेच. रात्री दिवे लावले की मागच्याला वाटणार, ब्रेक नाहीच. मागचे बल्ब बदललेत तर रात्री, हेडलाइट चालू ठेवून, कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबून बघा. दिवसा बघून उपयोग नाही.

परतीच्या वाटेवर नाक्यावर पोलिसांनी अडवलं. ५०० रुपये चलान. मी म्हणालो, मीच फसलोय. जवान म्हणाला, "गाडी तुमची ना?" झालं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत नियमबाह्य बदल केल्याबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा ५०० वर सुटलो म्हणून खूष व्हायचं म्हणे. पासिंगला तर इन्स्पेक्टरने लांबूनच हात हलवला. "हे काढून या." म्हणजे ज्या पासिंगच्या नावाने माझ्या गळ्यात मारलं त्याच पासिंगला नापास! मी म्हणालो, साहेब, अमुक दुकानात हे उघड्यावर विकतात, बोर्ड लावून विकतात. उत्तर: "दुकानं आमच्याकडे येत नाहीत, गाड्या येतात."

मग पोलीस चौकी. "बिल आहे का?" नाही. "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? कोणी धमकावलं?" नाही. "मग हा दिवाणी मामला." सायबरकडे गेलो तर, "ओटीपी दिला होता का?" नाही. "मग सायबर नाही." दुसऱ्या कार्यालयात वजन-मापांचं आणि पॅकबंद मालावरच्या छपाईचं बघतात म्हणून गेलो, तिथे खोकं मागितलं. खोकं दिलं तर म्हणे हे त्याच दुकानातलं कशावरून? चिठोऱ्यावर शिक्का नाही. म्हणजे बिल न देणं हाच त्याचा गुन्हा, आणि बिल नाही म्हणून गुन्हा नाही! माणसाने करायचं काय? चोराने पावती दिली तरच चोरी धरणार का? सुरक्षेसाठी महत्त्वाचे म्हणून सरकारने जाहीर केलेले सुटे भाग नियमाबाहेरचे विकले तर विकणाऱ्याला प्रत्येक भागामागे एक लाख दंड किंवा वर्षापर्यंत कैद, असं त्याच कायद्यात लिहिलंय. पण आमच्याकडे पाचशेचं चलान फाडायला माणूस लगेच मिळतो, दुकानाची पायरी चढायला कोणी मिळत नाही. दुकानदार मात्र निवांत. फोन केला तर, "काका, एलईडीला गॅरंटी नसते."

वायरमन गावाहून आला तेव्हा त्याने बॉनेट उघडलं आणि पहिला प्रश्न, "किती दिले?" सांगितल्यावर काही बोलला नाही, करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. एका बल्बला १.७ अँपिअर. म्हणजे २३ वॅट. खोक्यावर १३०. मग त्याने रिलेच्या वायरीतला फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला: १५ अँपिअर. "साहेब, दोन दिवे १३० चे असते तर २० अँपिअर ओढले असते. हा फ्यूज पहिल्या रात्रीच गेला असता. फिटरला माहीत होतं किती येणार ते." वायर सोलली तर आत तांबं नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याने साधे ६०/५५ वॅटचे हॅलोजन बसवले, जोडी ३८० रुपये. कप्लर २४०, मागचे आणि इंडिकेटरचे बल्ब १६०, मजुरी ९००. काचा स्वतः घासून दिल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. पूर्वी उजेड कमी वाटायचा तो बल्बमुळे नव्हताच, पिवळी काच आणि गंजलेला अर्थिंगचा स्क्रू. हॅलोजन बदलाल तर जोडीनेच बदला, बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट ठसा तापून बल्ब लवकर जातो. आणि बल्बच्या बुडाशी गोलातलं ई आणि आकडा, म्हणजे मान्यतेची खूण, आहे का बघा. हो, १०० वॅटचा 'पॉवरफुल' हॅलोजनही घेऊ नका, होल्डर वितळतो.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार नोंदवता येते. मी यूपीआयचा उतारा, चिठोरं, खोकं, चलान आणि काढलेले बल्ब सगळं जोडलंय. मध्यस्थामार्फत निरोप आला होता, दोन हजार घ्या आणि मिटवा. नाही घेतले. १०,६८० घेणार, नाहीतर तारखा.

एक गोष्ट मात्र आयोगापर्यंत थांबण्यासारखी नाही. एलईडी इंडिकेटर लावले की करंट कमी जातो, जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला, तो भरभर टिकटिकतो. ते लपवायला हे लोक सोनेरी रंगाचा, बोटाएवढा रेझिस्टर जोडतात. तो उगाच करंट जाळत बसतो आणि चुलीसारखा तापतो. त्याची जागा उघड्या पत्र्यावर, स्क्रूने. माझ्या डिकीत तो प्लॅस्टिकच्या पॅनेलला दुहेरी टेपने चिकटवला होता. पॅनेलला रुपयाएवढं भोक पडलंय, कडेचं कार्पेट काळं झालंय. तुमच्या गाडीत असे इंडिकेटर बसवले असतील तर आज रात्रीच टेललाइटमागचं झाकण उघडून बघा, आणि पार्किंगला चारही इंडिकेटर लावून गाडी सोडून जाऊ नका.