पीडब्ल्यूक्वालिटी : वर्षभर वापरून झाल्यावर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं सुट्या भागांचं वर्कशॉप आहे. ऑफिसच्या उबुंटू सर्व्हरवर अठरा जणांची खाती आहेत, ती मी सांभाळते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी लॉग उघडला, तर रात्री अडीचला स्टोअरच्या खात्यातून लॉगिन झालेलं! त्या वेळी स्टोअरला कुलूप होतं. पासवर्ड काय, तर पंचवटी, ॲटचं चिन्ह आणि 2019. त्याच दिवशी मी पीडब्ल्यूक्वालिटी बसवलं, म्हणजे नवा पासवर्ड पुरेसा पक्का आहे का ते तपासणारं पॅकेज.

पॅकेज फुकट आहे. कोणी पासवर्ड बदलायला घेतला की हे मध्ये उभं राहतं. सगळे नियम एकाच कॉन्फ फाइलीत, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलीत. किमान लांबी मुळात 8 असते, मी 14 केली. आकडा हवाच, कॅपिटल हवंच अशी सक्ती मुद्दाम ठेवली नाही. ती केली की लोक पहिलं अक्षर मोठं करतात आणि शेवटी 1 लावतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, एवढंच सांगितलं. डिस्पॅचचे काका आधी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवायचे. ती चिठ्ठी आता गेली, आणि याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

खटकलेल्या गोष्टीही सांगते. चाचणीच्या खात्यावर तोच पंचवटीवाला पासवर्ड देऊन पाहिला, तर यानं मुकाट्यानं घेतला. पासवर्डात शब्दकोशातला शब्द आहे का, ही तपासणी क्रॅकलिब नावाची लायब्ररी करते आणि तिला आपल्या गावची नावं कुठून ठाऊक असणार? त्यावर इलाज म्हणजे कॉन्फ फाइलीतली 'बॅडवर्ड्स' ही नको असलेल्या शब्दांची ओळ. तिथे पंचवटी, गोदावरी, तपोवन, त्र्यंबक रोमन लिपीत लिहिले, तेव्हा कुठे अडवायला लागलं.

दुसरं, रूटनं, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्यानं, कोणाचा पासवर्ड बदलला तर हे नुसतं 'बॅड पासवर्ड' म्हणतं आणि तरी स्वीकारतं. रूटलाही नियम लावणारं 'एन्फोर्स फॉर रूट' हे सेटिंग चालू करायलाच हवं. आमच्याकडे नव्या माणसाचा पहिला पासवर्ड मीच टाकते, म्हणजे कच्चे पासवर्ड याच वाटेनं आत आले असते.

आणि आधीपासून असलेल्या पासवर्डांना हे हात लावत नाही, तपासणी बदलतानाच होते. म्हणून पासवर्डची मुदत ठरवणाऱ्या 'चेज' कमांडला डॅश डी आणि 0 देऊन प्रत्येक खात्याला पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावलं. सोमवारचा अख्खा दिवस टेबलाटेबलावर फिरण्यात गेला.

साडेचार तारे. अर्धा त्या रूटच्या सवलतीसाठी कापला. 2027 चा सिंहस्थ जवळ येतोय, म्हणून परवा बॅडवर्ड्समध्ये 'सिंहस्थ' टाकला, एम घालून आणि एन घालून, दोन्ही स्पेलिंगनी.